भिऊन कसे खावे : गोंदियातल्या नवशिक्यांसाठी प्राथमिक पुस्तिका

पात्रता

ज्यांना ठेल्यावर खायचेही आहे आणि खाता खाता काळजीही करायची आहे, त्यांच्यासाठी ही पुस्तिका. नुसते खाणाऱ्यांना पुस्तिका लागत नाही. नुसती काळजी करणारे घरी मुगाची खिचडी खाऊन साडेनऊला झोपतात. मधला जो भलामोठा वर्ग आहे, एका हातात दोना आणि दुसऱ्या हातात ‘तुम्ही हे खाता? मग हे पाहाच’ असा व्हिडिओ धरून उभा असलेला, त्याला आजवर कुणी पद्धतशीर शिकवलेले नाही. तो भितो, पण भलत्याच ठिकाणी भितो. चांगली धडधाकट भीती वाया जाते.

वयाची अट नाही, ठिकाणाची मात्र आहे. कोल्हापूरहून सुटलेली महाराष्ट्र एक्सप्रेस अख्खे राज्य आडवे कापून जिथे येऊन थांबते, तो हा जिल्हा. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा निघाला. वर बालाघाट, उगवतीला छत्तीसगड. त्यामुळे सकाळच्या नाष्ट्याला तर्री-पोह्याच्या शेजारी पोहा-जिलेबी सुखाने नांदते, आणि मराठीत मागितलेल्या आलुबोंड्याचे सुटे पैसे हिंदीत परत मिळतात. पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्यांनी गुपचुपला ‘पाणीपुरी’ म्हटले तरी चालते. देणारा समजून घेतो.

साहित्य : सुटे पैसे, रुमाल, आणि घरून निघताना आईने किंवा बायकोने दिलेली ताकीद. ताकीद नसेल तर अर्धी चव जाते.

धडा पहिला : गुलाबी

जयस्तंभ चौकापासून सुभाष बागेपर्यंत संध्याकाळी सहानंतर कुठेही उभे राहा. नवशिक्याची नजर आधी रंगावर जाते. काठीला लावलेले ते गुलाबी ढगळ प्रकरण, बुढ्ढी के बाल, हे भीतीचे पहिले पुस्तक. इथूनच सुरुवात करू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरीत या गुलाबीत रोडामाइन-बी सापडला. हा कापड आणि कागद रंगवायचा रंग, खाण्याशी त्याचा काही संबंध नाही. तिथे बंदी आली, पाठोपाठ त्याच महिन्यात तमिळनाडूत. मार्चमध्ये कर्नाटकाने तपासणी केली तेव्हा २५ नमुन्यांपैकी १५ खराब निघाले. त्याच फेरीत गोबी मंचुरियनचे १७१ नमुने घेतले, त्यातले १०७ नापास. आपल्या दहावीच्या निकालाशी तुलना करू नका, उगाच वाईट वाटेल.

इतके ऐकून नवशिका म्हणतो, म्हणजे रंगच वाईट. इथे थांबा. धडा पुढे आहे.

भारतात खाण्यासाठी आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे. टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन, पॉन्सो फोर-आर, एरिथ्रोसिन, इंडिगो कार्माइन, ब्रिलियंट ब्लू आणि फास्ट ग्रीन. नावे पाठ होणार नाहीत, तर आकडे पाठ करा : १०२, ११०, १२२, १२४, १२७, १३२, १३३, १४३. हे आकडे किराणा दुकानात लोंबणाऱ्या पाच-दहा रुपयांच्या रंगीत खाऊच्या पुड्यांच्या पाठीवर, भिंगाखाली दिसेल अशा अक्षरात छापलेले असतात. पोट्टे ते पुडे शाळेच्या मधल्या सुट्टीत तीन-तीन फस्त करतात आणि कुणी व्हिडिओ पाठवत नाही. का? पुडा चकाकतो, त्याला शिक्का असतो, आणि त्याच्या मालकाला आपण ‘ए भैया’ म्हणून हाक मारू शकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची जी जुनी रीत आहे, ती खाद्यपदार्थांतही पाळली जाते. संन्यासी नेहमी ठेल्यावर सापडतो, कारण तो समोर असतो.

तरीही संन्याशाला पूर्ण सोडू नका. परवानगीचा रंग म्हणजे हवा तितका रंग नव्हे. ठरावीक पदार्थांतच तो चालतो, आणि मिठाईसारख्या पदार्थात मर्यादा साधारण किलोला १०० मिलिग्रॅम. आता विचार करा, साखरेच्या यंत्रापाशी उभ्या माणसाकडे मिलिग्रॅमचा काटा कुठून येणार? त्याच्याकडे चिमूट आहे. चिमटीत किती मावते ते बोटावर आणि त्या दिवशीच्या धंद्यावर अवलंबून. गिऱ्हाईक येत नसेल तर चिमूट फुगते. म्हणजे कायद्यातला रंगसुद्धा बेकायदा व्हायला एक सुनी संध्याकाळ पुरते. शिवाय बाजारात सुटा, चिठ्ठी नसलेला रंग परवान्याच्या रंगाहून स्वस्त मिळतो आणि जास्त भडक येतो. डबीवर १४ आकडी परवाना क्रमांक आणि ‘खाद्य रंग’ असे लिहिलेले आहे का, एवढे विचारायला हरकत नाही. विचारताना हसून विचारा. तपासणीला आलात असे वाटले तर डबी आधीच गायब होते.

मुख्य प्रात्यक्षिक आता. विक्रेत्याला सांगा, ‘बिनरंगाचे द्या.’ पांढरे बाल बनवायला त्याला काहीच लागत नाही, उलट एक पदार्थ कमीच लागतो. तो तुमच्याकडे पाहील आणि म्हणेल, ‘पांढरे कोणी घेतच नाही, भाऊ. पोट्टे म्हणते, हे तं खरंच बुढीचे दिसते.’

त्याचे म्हणणे नीट ऐका. या पुस्तिकेतले हे सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे आणि ते लेखकाचे नाही. बर्फाच्या गोळ्याच्या ठेल्यावर उभ्या पोराला विचारा, तो म्हणतो, ‘काका, लाल जास्त टाका.’ शेजारी त्याचा बाप उभा असतो, जो काल रात्री घरच्या गटात रोडामाइनचा व्हिडिओ टाकून झोपला. तो काही बोलत नाही, पैसे काढतो. ठेलेवाल्याला दुकान नाही, वर नावाचा फलक नाही, जाहिरातीला पैसा नाही. बाटल्यांच्या रांगेमागे एक बल्ब लावला की लाल, हिरवा, नारिंगी उजेड पन्नास पावलांवरून दिसतो. रंग हीच त्याची पाटी. पाटी फिकी केली तर पोट्टे शेजारच्या ठेल्यावर जातात, आणि शेजारचा सभ्यपणाच्या स्पर्धेत उतरलेला नसतो.

गृहपाठ : आठवडाभर आपल्या घरातल्या लहानग्याला फिकट गोळा घेऊन द्या. किती दिवस टिकता ते लिहून काढा.

धडा दुसरा : पाणी (हा धडा बहुतेक जण गाळतात)

गुपचुपच्या ठेल्यावर नवशिका हिरव्या पाण्याकडे संशयाने पाहतो. यात रंग असेल का? असेलही. जून २०२४ मध्ये कर्नाटकात गुपचुपचे २६० नमुने तपासले तेव्हा ४१ मध्ये आक्षेपार्ह रंग निघाले. पण पुदिना आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर) वाटून घातलेले पाणीही हिरवेच दिसते, आणि ताज्या पाण्याचा हिरवा थोडा मळकट असतो. फार चकचकीत, बांगडीसारखा हिरवा दिसला तर तेवढी भुवई वर करा आणि मूळ मुद्द्यावर या.

मूळ मुद्दा असा की ते पाणी आले कुठून?

रंग पोटात गेला तर त्याचा हिशोब वर्षानुवर्षांचा असतो. पाण्यातला जंतू एक-दोन आठवड्यांत टायफॉइड घेऊन येतो. काविळीला थोडे जास्त दिवस लागतात, पण ती मुक्कामाला थांबते. दूषित पाण्यातून पसरणारी हिपॅटायटिस ‘ए’ आणि ‘ई’ ही मंडळी शंभर टक्के नैसर्गिक आहेत. कारखान्यात बनत नाहीत, त्यांना आकडा नाही, पुड्याच्या पाठीवर त्यांचे नाव छापावे लागत नाही. पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस या जिल्ह्यात नळाला, विहिरीला आणि बोअरला काय काय मिळते हे ज्याला माहीत आहे, त्याने त्या दिवसांत गुपचुपचे पाणी पिऊ नये. पुरी कोरडी खावी. ‘भैया, सूखी देना’ हे वाक्य शेवटी फुकटच्या पुरीसाठी वापरायचे असते, पण पावसाळ्यात ते सुरुवातीलाच वापरता येते. ठेलेवाला नाराज होईल. होऊ द्या.

दुसरी गोष्ट, हात. अंगठ्याने पुरी फोडणे, बटाटा भरणे, मडक्यात कोपरापर्यंत बुडणे आणि नोट घेणे ही चारही कामे एकच हात करतो. लोकांची ओरड झाल्यावर प्लॅस्टिकचे मोजे आले. नवशिका मोजा पाहून निर्धास्त होतो. नीट पाहा, मोजा संध्याकाळी सहाला चढतो आणि रात्री दहाला उतरतो, मधल्या वेळात त्याच मोज्याने नोटा मोजल्या जातात, मोबाईलवर पैसे आल्याचे तपासले जाते, डोके खाजवले जाते. मोज्याने ठेलेवाल्याचा हात मात्र स्वच्छ राहतो, हे मान्य करावे लागेल. ज्या ठेल्यावर पैसे घेणारा वेगळा आणि भरणारा वेगळा असतो, बहुधा नवरा-बायको किंवा बाप-लेक, तिथे उभे राहा. ही एक खूण बाकी दहा खुणांपेक्षा खात्रीची आहे.

तिसरी, बादली. खाऊन झालेल्या प्लेटा ज्या बादलीत बुचकळल्या जातात, तिच्याकडे एकदा पाहा. दुसऱ्यांदा पाहू नका, नाहीतर धडा इथेच संपेल.

आणि बर्फ. नुसता माल थंड ठेवायला जो बर्फ बनतो, तो खायच्या पाण्याचा असावा अशी सक्ती नसते. तोच गोळ्यात जाऊ नये म्हणून २०१८ च्या उन्हाळ्यात अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम आला. म्हणजे इथे कृत्रिम रंग लोकांना वाचवायला नेमला आहे! निळसर बर्फ दिसला तर पळा. पण बर्फ पांढरा आहे म्हणजे तो खाण्याचाच आहे असे समजू नका. नियम पाळणारा निळा करतो, न पाळणारा कशाला करेल?

धडा तिसरा : कढई

आलुबोंडा, समोसा, मूगवडा, भजी यांच्या बाबतीत रंगापेक्षा तेल पाहा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवले की त्यात ध्रुवीय संयुगे वाढतात. १ जुलै २०१८ पासून त्यांची मर्यादा २५ टक्के ठरली आहे, त्यापलीकडचे तेल वापरायचे नाही. मोजायचे यंत्र असते, ते ठेल्यावर नसते. तुमचे यंत्र म्हणजे डोळे आणि नाक. तेल काळपट आणि चिकट झाले आहे, घाणा टाकायच्या आधीच धूर निघतो आहे, फेस बसायचे नाव घेत नाही, कढईच्या काठावर डांबरासारखा थर आहे, तर आज चहा घेऊन घरी जा.

मोठ्या तळणवाल्यांना वापरलेल्या तेलाची नोंद ठेवावी लागते. ज्यांचा वापर दिवसाला ५० लिटरच्या वर आहे, त्यांना. आपल्या चौकातल्या कढईत ५० लिटर कधीच मावले नाही, त्यामुळे तिची वही फक्त देव पाहतो. सकाळी आठच्या आधी जाणाऱ्याला बरे तेल मिळते, हा अनुभवाचा सिद्धांत आहे. संध्याकाळचा बोंडा हा सकाळच्या बोंड्याचा धाकटा भाऊ असतो, थोडा अधिक सावळा.

छोटा धडा : कागद

भजी वर्तमानपत्रात देऊ नयेत, छपाईची शाई तेलात उतरते, हे सांगणारे पत्रक केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने डिसेंबर २०१६ मध्ये काढले. त्याची बातमी वर्तमानपत्रात आली आणि त्या बातमीत भजी बांधली गेली.

या जिल्ह्यात यावर उपाय शोधायला समिती नेमायची गरज नव्हती. जंगलभर पळस आहे. पळसाच्या पानांचा दोना इथल्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या टाचला. आता चंदेरी मुलामा दिलेले कागदी दोने बाहेरून येतात आणि आत गरम तर्री ओतली की मुलामा सुरकुततो. यावर कुणी घाबरलेले माझ्या पाहण्यात नाही. पानाचा दोना देणारा ठेला दिसला तर तिथे दोन प्लेट जास्त खा, एवढीच सूचना.

धडा चौथा : चायनीज

चायनीजच्या ठेल्यावर दोन गोष्टी असतात, अजिनोमोटो आणि लाल रंग. लोक पहिल्याला भितात आणि दुसऱ्याला वाढून मागतात. योग्य क्रम उलटा आहे.

अजिनोमोटो म्हणजे मोनोसोडियम ग्लुटामेट. १९०८ मध्ये जपानच्या किकुनाए इकेदा यांनी समुद्रशैवालाच्या रश्श्यातून त्याची चव वेगळी काढली. ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोतही असते. कुणाकुणाला जास्त खाल्ल्यावर डोके दुखल्यासारखे वाटते, त्यांनी टाळावे. पण त्याच्यावरून रात्रीची झोप उडवायचे कारण नाही. चमचाभर अजिनोमोटोसोबत जे दोन चमचे मीठ आणि पळीभर तेल जाते, ते निमूटपणे जाते.

मंचुरियनच्या त्या लग्नाच्या शालूसारख्या लालपणाला मात्र काही आधार नाही. मिरचीने तसा लाल येत नाही, आणि या पदार्थात कृत्रिम रंग घालायची मुभाही नाही. कर्नाटकातल्या त्या १०७ नमुन्यांचे दुखणे हेच होते. ‘भाऊ, रंग नका टाकू’ म्हटले तर चायनीजवाला ऐकतो, कारण तो प्रत्येकाची प्लेट वेगळी परततो. गोळेवाला ऐकू शकत नाही, त्याचे सरबत आधीच बनलेले असते. ही सोय फक्त या धड्यात आहे, तिचा फायदा घ्या.

भीतीला ऋतू असतात हेही इथे नोंदवून ठेवा. उन्हाळ्यात बर्फाची आणि आंब्याची, श्रावणात भगरीची, दिवाळीत खव्याची. जून २०१५ मध्ये देशभर मॅगीची होती. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिच्यावरची बंदी उठवली आणि वर्षअखेरीपर्यंत ज्यांनी पुडे उकिरड्यावर टाकले होते तेच रांगेत होते.

प्रात्यक्षिक : घरच्या घरी

ठेल्यावर प्रयोग करू नयेत, मागचे गिऱ्हाईक ओरडते. घरी करा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर चिमूटभर तिखट भुरभुरवा. ढवळू नका. रंगाच्या रेघा ओढत लगेच खाली उतरू लागल्या तर तिखटात मिरचीशिवायही कुणी आहे. दुसऱ्या पेल्यात चमचाभर हळद टाका. चांगली हळद तळाला बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळे राहते. पाणी गडद पिवळेधमक झाले तर संशय घ्या. प्राधिकरणाने घरगुती तपासणीची जी पुस्तिका काढली आहे तिच्यात असे कितीतरी प्रयोग आहेत. ज्यांना तेजाब लागते ते नवशिक्यांनी करू नयेत.

या प्रयोगांचा एक दुष्परिणाम आधीच सांगतो. तुम्ही ठेल्याची परीक्षा घ्यायला निघता आणि पहिला नमुना तुमच्याच मसाल्याच्या डब्यातला असतो. लाल तिखटातल्या सुदान रंगाने २००३ साली युरोपाची झोप उडवली, तेव्हा माल भारतातून गेलेल्या मिरचीचा होता. ती काही चौकातल्या तर्रीवाल्याने पाठवली नव्हती.

धडा पाचवा : निसर्ग

‘नो केमिकल, सब नॅचरल’ अशी पाटी दिसली की नवशिका सैल पडतो. त्याच्यासाठी हा धडा, आणि याचे उदाहरण बाहेरून आणायची गरज नाही.

आपल्याकडे धान उभे असतानाच बांधीत लाखोळी फेकतात. उतेऱ्याचे पीक. धान कापून झाले की उरलेल्या ओलीवर ती वाढते, ना नांगर लागतो, ना खत. इतके नैसर्गिक पीक शोधून सापडणार नाही. तिच्या डाळीचे वडे, तिच्या कोवळ्या पाल्याची भाजी खाऊन भंडारा-गोंदियाच्या पिढ्या वाढल्या. आणि या डाळीत एक विषारी अमिनो आम्ल असते, ज्याचे नाव लांबलचक असल्याने शास्त्रज्ञ त्याला ओडॅप म्हणतात. दुष्काळात दुसरे काहीच मिळाले नाही आणि महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न झाली, तर पायातले बळ जाते, ते परत येत नाही. स्लीमन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सागर भागात १८३० च्या दशकात गहू बुडाल्यावर तरुण माणसे अशी लुळी झालेली पाहून लिहून ठेवले. १९६१ मध्ये केंद्राने विक्रीवर बंदीचा रस्ता धरला.

म्हणजे विष आहे? आहे. म्हणजे वडा खाऊ नये? तेही खरे नाही. ज्याच्या ताटात भात आहे, भाजी आहे, अधूनमधून मासळी आहे, त्याला कधीमधी खाल्लेल्या वड्याने काही होत नाही, आणि डाळ भिजवून ते पाणी फेकले की विष आणखी उतरते. रायपूरच्या कृषी विद्यापीठाने प्रतीक आणि महातिवडा असे कमी विषाचे वाणही काढले. मात्रा, सवय आणि ताटात बाकी काय आहे, या तीन गोष्टी कळल्या की लाखोळी कळते, आणि टार्ट्राझीनही कळतो.

खरी गंमत बेसनात आहे. हरभऱ्याचे बेसन महाग पडते म्हणून कुठे कुठे त्यात लाखोळीचे पीठ मिसळले जाते, आणि रंग जुळावा म्हणून मेटानिल यलो. मेटानिल परवानगीच्या आठांत नाही. नैसर्गिक भेसळ लपवायला कृत्रिम भेसळ. एकाच भज्यात दोन्ही पंथांचे लोक सापडतात, मग वाद कुणी कुणाशी घालायचा?

निसर्गाच्या बाजूचेही एक उदाहरण देतो, नाहीतर धडा एकांगी होईल. दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास रस्त्याकडेला पाटीत काळे, शिंग असलेले उकडलेले शिंगाडे घेऊन बाया बसतात. मालगुजारी तलावांतला माल. त्याला रंग नाही, सॉस नाही, बल्ब नाही. माझ्या मते या जिल्ह्यातला सर्वांत चांगला रस्त्यावरचा खाऊ हाच, आणि व्हिडिओवाल्यांना त्याचा पत्ता नाही. फक्त कच्चा शिंगाडा दातांनी सोलू नका, तळ्यातले परजीवी सालीला चिकटून येऊ शकतात. उकडलेलाच घ्या. शिंगाड्याच्या पाटीसमोर लहान मुले थांबत नाहीत, हे मात्र धडा पहिला वाचलेल्यांना सांगायला नको.

सुट्टी : मंडई

दिवाळी झाली की गावोगाव मंडया भरतात. दंडार, रात्रभराचे नाटक, माणसांचा पूर. त्या रात्री सर्व धडे स्थगित. मंडईत माणूस मामाच्या गावच्या पाहुण्यांसोबत असतो, आणि पाहुण्यांनी पुढे केलेल्या जिलेबीचा परवाना क्रमांक विचारणारा जावई पुढच्या वर्षी बोलावला जात नाही. तरी दोन गोष्टी करता येतात. पाणी घरून न्यावे. आणि नाटकाच्या मध्यंतरात झुंबड उडते तेव्हा न जाता आधी जावे, कारण मध्यंतरात कुणी काही धूत नाही, धुवायला वेळच नसतो. महाशिवरात्रीला प्रतापगडला जाणाऱ्यांनी आणि माघात कचारगडला जाणाऱ्यांनीही हेच समजावे.

अंतिम परीक्षा : कलम ४०

सर्व धडे पार करूनही ज्याची काळजी उरली, तो पदवीला पात्र. त्याच्यासाठी २००६ च्या अन्न सुरक्षा व मानके कायद्यात कलम ४० ठेवलेले आहे. साध्या गिऱ्हाइकालाही विकत घेतलेला पदार्थ सरकारी अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. फी भरायची. पदार्थात खोट निघाली तर फी परत मिळते. अट एकच : विकत घेतानाच विक्रेत्याला सांगायचे की मी हे तपासायला नेणार आहे.

गुपचुपच्या ठेल्यावर, संध्याकाळी साडेसातला, तुमच्या मागे कॉलेजच्या पाच मुली ‘भैया, और तीखा’ म्हणत उभ्या असताना हे वाक्य कसे म्हणायचे, याचा सराव आरशासमोर करावा. आवाज स्वच्छ हवा. पुढे अहवाल १४ दिवसांत यायला हवा. नमुना जाणार नागपूरला, रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. तेवढ्या अवधीत पुरी मऊ पडणार नाही याची काळजी कायद्याने घेतलेली नाही.

हे झाले गिऱ्हाइकाचे. अन्न सुरक्षा अधिकारी स्वतः नमुना घेतो तेव्हा कलम ४७ लागते आणि काम आणखी व्यवस्थित होते. लेखी नोटीस, विक्रेत्याची सही किंवा अंगठा, तो देत नसेल तर साक्षीदार. नमुन्याचे चार भाग, चारही सीलबंद. एक विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, आणि विक्रेत्याने मागितले तर चौथा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे.

प्रश्न, गुण १० : एका प्लेटीत सहा गुपचुप असल्यास आणि पाणी वेगळे धरल्यास चार सारखे भाग करून दाखवा. सुखी पुरी हिशोबात धरावी की नाही ते स्पष्ट करा. उत्तर लिहिताना काही खाऊ नये.